सहा शनिवार, एक वही : चिपळुणातील शहरविषयक व्याख्यानमालेचा अनुभव

चिपळूणच्या बाजारपेठेत माझे वह्या-पुस्तकांचे दुकान आहे आणि त्याच्या भिंतीवर पाण्याच्या दोन रेघा आहेत. खालची २००५ सालच्या जुलैमधील, वरची २२ जुलै २०२१ ची. मागे रंगकाम काढले तेव्हा त्या बुजवू का, असे रंगाऱ्याने विचारले होते. राहू देत, असे मी सांगितले. शहर कसे वाढते, त्याचे नियोजन कोण करते आणि निसर्गाला झेपेल अशा रीतीने त्यात राहायचे कसे, या विषयांवर नोव्हेंबर ते एप्रिल या काळात सहा व्याख्याने होणार असल्याचे पत्रक गेल्या वर्षी कोणीतरी माझ्या गल्ल्यावर ठेवून गेले, ते मी या दोन रेघांमुळेच टाकून न देता वाचले आणि सहाही व्याख्यानांचे पाचशे रुपये एकदम भरून टाकले. एकेका व्याख्यानाचे शंभर होतात. विद्यार्थ्यांना प्रवेश मोफत आहे.

आयोजकांचे नाव मी मुद्दामच देत नाही. गाव लहान आहे, मंडळी रोज समोर येणारी आहेत आणि पुढे थोडे कठोर लिहायचे आहे. ज्यांना जायचे असेल त्यांच्यापर्यंत पत्रक पोहोचतेच.

आधी व्यवस्थेविषयी थोडक्यात. दर महिन्याच्या चौथ्या शनिवारी संध्याकाळी साडेपाचला व्याख्यान सुरू होते आणि ते खरोखरच साडेपाचला सुरू होते, ही आपल्याकडे नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे. ध्वनिव्यवस्था स्वच्छ आहे, चहा बरा असतो, सव्वाशेच्या आसपास खुर्च्या मांडलेल्या असतात. मात्र सभागृह पहिल्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. त्यामुळे नदी पूर्वी कुठून वाहत होती हे ज्यांच्या डोळ्यांपुढे अजून आहे, अशी पंचाहत्तरी ओलांडलेली माणसे खालीच राहतात. शनिवारची संध्याकाळ ही मच्छीमार्केटातील बायकांची आणि भाजीवाल्यांची ऐन धंद्याची वेळ असते, याचाही विचार झालेला दिसत नाही. मला जमले, कारण भाचा गल्ल्यावर बसतो. परिणामी श्रोत्यांत निवृत्त शिक्षक, अभियंते, दोन-तीन बांधकाम व्यावसायिक आणि प्रमाणपत्रासाठी आलेली कॉलेजची मुले यांचाच भरणा असतो.

मराठी माणसाला व्याख्यानांचे अप्रूप नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली, आणि तेव्हापासून महाराष्ट्रातल्या बहुतेक तालुक्याच्या गावांनी आपापली व्याख्यानमाला पोसली आहे. रंगलेले व्याख्यान ऐकून घरी आल्यावर वक्ता फार सुंदर बोलला एवढेच आठवते, असाही अनुभव आपणा सर्वांना आहे. म्हणून मी दोनशे पानी वही बरोबर नेली. हे परीक्षण मी त्या वहीत डोकावूनच लिहीत आहे.

पहिले व्याख्यान नगररचनेच्या इतिहासाचे होते आणि ते अपेक्षेपेक्षा पुष्कळ रंगले. भारतातला नगररचनेचा पहिला कायदा आपल्याच मुंबई इलाख्यात १९१५ साली झाला, हे मला ठाऊक नव्हते. त्याच सुमारास, म्हणजे १९१४ मध्ये, पॅट्रिक गेडिस नावाचा स्कॉटिश गृहस्थ भारतात आला. शहरांविषयीचे त्याचे भलेमोठे प्रदर्शन एका जहाजातून इकडे येत असताना एम्डेन या जर्मन युद्धनौकेने ते जहाजच बुडवले, आणि नकाशे, चित्रे, प्रतिकृती असे सगळे समुद्राच्या तळाशी गेले. किनाऱ्यावरच्या श्रोत्यांना जहाज बुडाल्याची गोष्ट सांगितली की सभा वक्त्याच्या हातात येते, हे त्या वक्त्याला बरोबर कळले होते. गेडिसने नव्याने साहित्य जमवले, गावोगाव पायी हिंडून अहवाल लिहिले आणि १९१९ पासून मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र विभागाचा तो पहिला प्राध्यापक झाला. आधी निदान, मग उपचार, हे त्याचे सूत्र होते. जुन्या वस्तीतून रुंद रस्ता सरळ आरपार काढण्याऐवजी थोडी जागा मोकळी करावी, पडकी घरे हलवावीत, विहिरी आणि झाडे राखावीत आणि वस्तीचा जीव वाचवावा, असे तो सांगे. इंदूरमध्ये प्लेगच्या दिवसांत त्याने शहर स्वच्छ करण्यासाठी दिवाळीची मिरवणूकच काढली. त्यात उंदराचा मोठा पुतळा होता, तो शेवटी जाळला, आणि मिरवणूक सर्वांत स्वच्छ केलेल्या रस्त्याने जाईल असे जाहीर केल्यामुळे आळ्याआळ्यांनी आपापली दारे झाडून घेतली.

हे ऐकताना मला आपला शिमगा आठवला. पालखी घराघरात जाते, तिच्या वाटा ठरलेल्या असतात आणि त्या वाटेवर कुंपण घालण्याची कोणाची छाती होत नाही. व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, वाटेवर मात्र आपण बिनदिक्कत बांधकाम करतो. हा विचार वक्त्याचा नव्हे, माझा आहे. पण व्याख्यानामुळे तो सुचला, म्हणून त्याचे श्रेय मी त्या संध्याकाळीला देते.

डिसेंबरचे व्याख्यान पुरावरचे होते आणि साऱ्या मालेतले ते सर्वांत मोलाचे ठरले. वक्त्या मुंबईहून आलेल्या तरुण संशोधक होत्या. त्यांनी सुरुवातीलाच आपल्या गावाचा नकाशा पडद्यावर आणला आणि शेवटपर्यंत तो हलवला नाही. वशिष्ठी आणि शिवनदी यांच्या मध्ये बसलेले शहर. मागे सह्याद्रीचा कडा. पुढे दाभोळच्या खाडीतून गोवळकोटपर्यंत चढणारे भरतीचे पाणी. आणि या सगळ्यात भर म्हणून कोयनेचे अवजल, म्हणजे वीज तयार करून झाल्यावर सोडलेले पाणी. कोयना खरे तर पूर्वेकडे जाणारी नदी. तिचे पाणी बोगद्यांतून घाटाखाली आणले जाते, पोफळी-अलोऱ्याच्या वीजगृहांत वीज निर्माण करते आणि वशिष्ठीला येऊन मिळते. कृष्णा पाणी तंटा लवादाने त्यासाठी वर्षाला ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा घातलेली आहे. २०२१ च्या महापुरात कोळकेवाडी धरणाच्या विसर्गाचा वाटा किती, हा वाद गावात अजून पेटतो आणि सभागृहातही पेटला. वक्त्यांनी त्यात बाजू घेतली नाही, पण प्रश्न टाळलाही नाही. घाटातील पाऊस, नदीत साचलेला गाळ, धरणाचा विसर्ग, भरती आणि पाणी पसरण्याच्या जागांवर झालेले भराव या पाच गोष्टी त्यांनी एकेक करून सुट्या केल्या आणि यांपैकी प्रत्येकीचे मोजमाप वेगळ्या खात्याकडे असते, हे दाखवून दिले. त्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली होती. एस.टी.चे आगारप्रमुख रोकड सांभाळत बसच्या टपावर बसून राहिले होते आणि १८६४ पासूनच्या आपल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातील पुस्तकांचा लगदा झाला होता, हे त्यांनी सांगायची गरज नव्हती. ते समोर बसलेल्या प्रत्येकाने पाहिलेले होते, आणि त्यांनीही ते दोन वाक्यांत आटोपले.

खरी शिकवण पुढे होती. निळी पूररेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, हे आपण वर्तमानपत्रांत वाचलेले असते, आणि २०२१ ला येऊन गेला म्हणजे आता पुढची पिढी बघेल, असा त्याचा सोयीचा अर्थ लावलेला असतो. वक्त्यांनी एका डब्यात २५ चिठ्ठ्या घातल्या, त्यांतली एक निळी होती. श्रोत्यांपैकी एकेकाने डोळे मिटून एक चिठ्ठी काढायची, पाहायची आणि परत डब्यात टाकायची. एक चिठ्ठी म्हणजे एक पावसाळा. सातव्या पावसाळ्याला निळी निघाली आणि तेराव्याला पुन्हा निघाली. मग त्यांनी फळ्यावर हिशेब मांडला. निळ्या रेषेवरील घराला दरवर्षी शंभरात चार एवढी शक्यता असते, म्हणजे वीस वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत तेथे पाणी शिरण्याची शक्यता सुमारे ५६ टक्के होते. लाल रेषेवर तीच सुमारे १८ टक्के असते. माझ्या शेजारी बसलेल्या बांधकाम व्यावसायिकाने ही आकडेमोड मोबाइलवर दोनदा करून पाहिली.

त्यानंतर नियमांचा विषय निघाला. राज्यातील बहुतेक शहरांना डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे नदी आणि निळी रेषा यांमधील पट्टा निषिद्ध मानला जातो. निळी आणि लाल यांच्या मध्ये बांधायचे तर जोते लाल रेषेच्या पातळीहून ०.४५ मीटर वर घ्यावे लागते. नियम ऐकायला शहाणपणाचा वाटतो. पण जोते वर घेण्यासाठी जो तो भराव टाकू लागला, तर नव्या इमारतीच्या दारातून वळलेले पाणी जाणार कुठे? ते शेजारच्या जुन्या घरात जाते. वक्त्यांनी हे एका साध्या छेदचित्रातून दाखवले आणि मला माझेच दुकान दिसले, कारण माझ्या दोन्ही बाजूंच्या इमारती गेल्या काही वर्षांत उंच जोत्यावर उभ्या राहिल्या आहेत आणि मध्ये मी खळग्यात बसले आहे. भरावाऐवजी खांबांवर इमारत उचलून खाली पाण्याला वाट ठेवता येते. मात्र ती वाट पुढे दुकानाचे गाळे काढून बुजवली जाणार नाही, हे पाहणारे कोणीतरी लागते.

प्रश्नोत्तरांत गोवळकोटचे एक वयस्कर गृहस्थ उभे राहिले. ते म्हणाले, “मॅडम, नकाशा झकास आहे, पण यात भरती कुठे दिसत नाही. उधाणाला खाडी उतरतच नाही. मग वरून आलेलं पाणी जाणार कुठे? त्या दिवशी पौर्णिमा दोन दिवसांवर होती.” वक्त्यांनी मोकळेपणाने मान्य केले की त्यांच्या गणितात खाडीची पातळी सरासरी धरलेली आहे, आणि त्यांनी त्या गृहस्थांना भरती-ओहोटीच्या वेळा पुन्हा विचारून लिहून घेतल्या. अख्ख्या मालेत ज्ञान दोन्ही दिशांनी वाहिले ते याच पाच मिनिटांत. आणि नेमके येथेच सूत्रसंचालकांनी वेळेअभावी थांबण्याची विनंती केली. तेव्हा आणखी सहा-सात हात वर होते.

माझी मुख्य तक्रार हीच आहे. जानेवारीपासून मी घड्याळ लावू लागले. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, वक्त्याचा परिचय, पुष्पगुच्छ, शाल-श्रीफळ, अध्यक्षीय समारोप आणि आभार यांना मिळून सरासरी सत्तावीस मिनिटे जातात. प्रश्नांना दहा मिळतात. ज्या गावाने पंधरा-सोळा वर्षांत दोन महापूर अंगावर घेतले, त्या गावातील श्रोते ऐकण्याइतकेच सांगण्यासाठीही आलेले असतात, याची जाणीव आयोजकांना असायला हवी होती. चिठ्ठीवर प्रश्न लिहून देण्याची सोय त्यांनी मार्चपासून केली, हे खरे. पण चिठ्ठ्या निवडणारे सभ्य आणि निरुपद्रवी प्रश्न वर ठेवतात, असे मला दिसले.

जानेवारीचे व्याख्यान शाश्वत जीवनशैलीवर होते आणि ते फसले. वक्ते महानगरातून आले होते आणि महानगरच बरोबर घेऊन आले होते. बांबूचा ब्रश, गच्चीतल्या कुंडीतले खत, कापडी पिशवी आणि स्टीलची बाटली हे सगळे चांगलेच आहे. पण मंचावर प्रत्येक पाहुण्यापुढे प्लास्टिकची पाण्याची बाटली ठेवलेली होती आणि त्यावर कोणी काही बोलले नाही. ज्या मुलखात आजही समारंभाला केळीचे पान मांडले जाते आणि हिराचा खराटा घराघरात आहे, तेथे याहून वेगळे बोलायला हवे होते. जांभ्या दगडाच्या भिंती, उतरते कौलारू छप्पर आणि चहूबाजूंनी पडवी असलेले घर सोडून आपण सपाट स्लॅबचे घर बांधतो, ते दोन पावसाळ्यांत गळू लागते, मग त्याच्या डोक्यावर लोखंडी सांगाडा उभारून पत्र्याचे छप्पर घालतो. म्हणजे एका घराला दोन छपरांचा खर्च करतो. कोकणात कोणत्याही रस्त्याने जाताना दिसणारी ही गोष्ट. पश्चिमेच्या झडीला पूर्वी नारळाच्या झापा लावत, आता निळे प्लास्टिक लावतात. यांपैकी कशाचाही उल्लेख झाला नाही.

पाण्याचेही तेच झाले. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि मे महिन्यात वाड्यांना टँकर लागतो, कारण सच्छिद्र जांभ्यातून पाणी मुरते आणि उताराने झऱ्यांवाटे निघूनही जाते. वक्त्यांनी पाऊस साठवा एवढाच उपदेश केला आणि पाचशे चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांना पर्जन्यजल संधारण सक्तीचे असल्याचे सांगितले. मी वहीत माझा हिशेब केला : १०० चौरस मीटर छपरावर १०० मिलिमीटर पाऊस पडला की १०,००० लिटर पाणी मिळते आणि माणशी १३५ लिटर या प्रमाणाने ते चार माणसांच्या घराला अठरा दिवस पुरते. पण आपल्याकडे १०० मिलिमीटर एका दिवसातही पडतो आणि तो जूनमध्ये पडतो. गरज असते मेमध्ये. एवढी मोठी टाकी बांधायची कुठे आणि त्याऐवजी विहिरीच्या वरच्या अंगाला पाणी जिरवले तर ते किती महिने टिकते, हा कोकणाचा प्रश्न आहे. मी तो विचारला. “चांगला मुद्दा आहे,” असे उत्तर मिळाले.

फेब्रुवारीत नवी मुंबईची कथा झाली. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ साली ‘मार्ग’ या नियतकालिकात मांडलेली कल्पना, ते शहर वसवण्यासाठी १७ मार्च १९७० रोजी स्थापन झालेली सिडको ही सरकारी कंपनी, ठाणे आणि तत्कालीन कुलाबा जिल्ह्यांतील ९५ गावांची ३४४ चौरस किलोमीटर जमीन असा सगळा पट वक्त्याने उलगडला आणि मग तो जानेवारी १९८४ मध्ये जमिनीच्या मोबदल्यासाठी झालेल्या जासईच्या आंदोलनावर थांबला. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील त्या लढ्यात गोळीबार होऊन पाच जणांचे प्राण गेले आणि पुढे जमीन गेलेल्यांना साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना आली. आगरी-कोळी गावे नकाशावर ‘मोकळी जागा’ कशी दिसतात, हे वक्त्याने जुन्या आराखड्यांतून दाखवले, ते महामार्गाच्या भूसंपादनातून नुकत्याच गेलेल्या आमच्यासारख्यांना समजावून सांगावे लागले नाही. व्याख्यान चांगले होते, जरा लांबले.

मार्चचे कचऱ्यावरचे व्याख्यान वेंगुर्ल्याच्या उदाहरणावर आधारलेले होते. घरातच वेगवेगळा केलेला कचरा, ओल्यापासून बायोगॅस, प्लास्टिकचे तुकडे करून रस्त्याच्या डांबरात वापर आणि जेथे पूर्वी कचऱ्याचा ढीग होता तेथे फिरायला जाण्याजोगी बाग, हे वेंगुर्ला नगरपरिषदेने करून दाखवले आहे, आणि ते शक्य आहे हे कोकणातल्याच गावाकडून कळणे यासारखा परिणाम दुसऱ्या कशाचा होत नाही. श्रोत्यांतून लगेच आक्षेप आला की वेंगुर्ल्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत जेमतेम बारा हजार होती आणि चिपळूणची पंचावन्न हजारांच्या घरात. वक्त्यांनी उत्तर दिले की मोठ्या गावाने एकेका प्रभागाला वेंगुर्ले समजावे. मला ते पटले. मात्र पुरानंतर चार दिवसांत रस्त्यावर येणारा चिखलात माखलेला माल, गाद्या, फ्रीज, भिजलेले धान्य आणि माझ्यासारखीच्या वह्यांचे ओले गठ्ठे, यांचे वर्गीकरण कोणत्या डब्यात करायचे, याचे उत्तर त्यांच्याकडे नव्हते आणि तशी तयारीही दिसली नाही.

एप्रिलमध्ये कायद्यावर बोलणे झाले. सर्वांत कोरडे होईल असे वाटलेल्या या व्याख्यानाने माझ्या वहीची सात पाने घेतली. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आली. तिने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांकडे सोपवता येतील अशी १८ कामे दिली आहेत आणि त्यांत पहिलेच काम नगरनियोजनाचे आहे. प्रभाग समित्यांची सक्ती मात्र तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकवस्तीच्या शहरांनाच आहे. म्हणजे मुंबई-पुण्याच्या नागरिकाला जी समिती घटनेने दिली, ती चिपळूण, खेड, राजापूर किंवा मालवणच्या नागरिकाला दिलेली नाही. आमच्याकडे नगरसेवकाचे घर चार पावलांवर असते, म्हणून ती लागत नाही, असा युक्तिवाद एकाने केला. त्यावर, नगरसेवक घरी भेटतो पण इतिवृत्त घरी लिहिले जात नाही, असे वक्त्या म्हणाल्या.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मधील दोन कलमे त्यांनी सावकाश समजावली. प्रारूप विकास योजना प्रसिद्ध झाली की कलम २६ नुसार आपल्यासारख्या नगरपरिषदेच्या हद्दीतील नागरिकाला हरकती व सूचना देण्यासाठी ३० दिवस मिळतात. एकदा योजना मंजूर झाली की पुढे कित्येक वर्षे त्याच रेषांवर गाव वाढते. दुसरे कलम १२७. सार्वजनिक कामासाठी आरक्षित ठेवलेली जमीन, योजना लागू झाल्यापासून १० वर्षांत संपादित झाली नाही, तर जमीनमालक नोटीस देऊन आरक्षण रद्द होण्याच्या दिशेने पाऊल टाकू शकतो. श्रोत्यांपैकी पहिले कलम माहीत असलेले तीन हात वर आले आणि दुसरे माहीत असलेले वीस. लेखी हरकतींनी काय होऊ शकते, याचे उदाहरण म्हणून त्यांनी मुंबईच्या २०३४ पर्यंतच्या आराखड्याचे दिले : चुकांवरून नागरिकांनी उठवलेल्या गदारोळानंतर त्याचा पहिला मसुदा एप्रिल २०१५ मध्ये मागे घ्यावा लागला आणि सुधारित आराखडा २०१८ मध्ये मंजूर झाला.

एवढे सगळे ऐकल्यावर आपल्या गावाच्या विकास योजनेचा एक तरी कागद भिंतीवर लावलेला असावा, अशी माझी अपेक्षा होती. तो नव्हता. भाग नकाशा कसा वाचायचा, जमीन कोणत्या वापराच्या विभागात येते हे सांगणाऱ्या झोन दाखल्यासाठी अर्ज कोणाकडे करायचा, याचे एक पानभर टिपण वाटले असते तरी पुष्कळ झाले असते. आयोजकांना मी तसे म्हटले, तर स्थानिक वादात पडायचे नाही असे आपले धोरण असल्याचे त्यांनी सांगितले. शहराविषयीची व्याख्यानमाला शहरात चालवायची आणि त्याच शहराविषयी बोलायचे नाही, हे धोरण मला समजलेले नाही. डिसेंबरच्या वक्त्यांनी ते मोडले आणि त्यांचेच व्याख्यान गावात आजही आठवले जाते.

भाषेविषयीही सांगायला हवे. सहापैकी चार वक्त्यांच्या पडद्यावरील मजकूर इंग्रजीत होता आणि बोलण्यात ‘रेझिलियन्स’, ‘स्टेकहोल्डर’ असे शब्द सुटे पडत होते. दुसऱ्या टोकाला एका वक्त्याने ‘निळी-हिरवी पायाभूत संरचना’ असा शब्द तीन वेळा वापरला, तेव्हा मागून कोणीतरी विचारले, “म्हणजे व्हाळ आणि मळेच ना?” वक्ता हसला आणि पुढे व्हाळ आणि मळे असेच म्हणू लागला. पऱ्या, व्हाळ, खाजण, सडा, पाणंद, गडगा असे जमिनीचे आणि पाण्याचे नेमके शब्द ज्या भाषेत आहेत, तेथे बाहेरून येणाऱ्या वक्त्याला ते आधी कळवण्याची जबाबदारी निमंत्रकांची आहे.

शेवटच्या व्याख्यानाच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी साडेसहाला, चिंचनाक्याजवळ जमून शिवनदीच्या काठाने चालण्याचा कार्यक्रम होता. त्याचे वेगळे शुल्क नव्हते आणि तीसच माणसे आली होती. त्यांत दोन मच्छीविक्रेत्या होत्या आणि जिना चढू न शकणारे एक आजोबा होते. नदी बहुतेक ठिकाणी घरांच्या पाठीला लागून जाते; तिच्याकडे कोणाचे तोंड नाही. एके ठिकाणी आजोबा थांबले आणि दोन इमारतींमधील अरुंद बोळ दाखवून म्हणाले, “हा आमचा पऱ्या. यात आम्ही पोहायला शिकलो.” आता तेथे काँक्रीट होते आणि कडेला दोन फूट व्यासाच्या पाइपाचे तोंड दिसत होते. सोबतच्या विद्यार्थ्यांनी फेरीत लागलेली प्रत्येक मोरी मोजून तिची रुंदी-उंची लिहून घेतली. काही मोऱ्या अर्ध्याहून अधिक गाळाने भरलेल्या होत्या. मगर दिसेल या आशेने आलेल्या दोन मुलांची निराशा झाली. पावसाळ्यात त्या थेट रस्त्यावर येतात, असे त्यांच्या आईने त्यांना समजावले. दोन तासांत जे कळले ते सभागृहात कळले नसते, आणि सभागृहात आधी ते सहा शनिवार घालवले नसते तर त्या मोऱ्यांकडे माझे लक्षही गेले नसते.

मोऱ्यांची ती यादी कोणाकडे आहे, हे मी नंतर दोनदा विचारले. ती एका विद्यार्थ्याच्या वहीत आहे. नगरपरिषदेला देणार का, तर ठरलेले नाही. मी माझ्या दुकानातील झेरॉक्स यंत्र देऊ केले आहे.

या वर्षीची नोंदणी दसऱ्यानंतर सुरू होते. सर्व व्याख्यानांचे एकदम पैसे भरावेत, कारण जानेवारीसारखे एखादे फसले तरी डिसेंबरसारखे एखादे पदरात पडते, आणि रविवारची फेरी पत्रकात अगदी खाली बारीक अक्षरांत छापलेली असते, ती पाहून ठेवावी. सभागृहात पुढच्या तीन रांगांत बसावे. मागे पंख्यांचा आवाज फार होतो.